‘मी पीत नाही, मेंदू पितो’

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही छत्रपती संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता, घर बीड जिल्ह्यात. आपण काही ठरवण्याआधीच मेंदूनं ते ठरवून टाकलेलं असतं आणि हे प्रयोगानं सिद्ध झालंय, असं सांगणारा एक व्हिडिओ तुम्ही पाहिलात. दिवाळीत गावी गेल्यावर तो थोरल्या भावालाही दाखवलात. भाऊ रोज पितो. तो हसून म्हणाला, “बघ, मी पीत नाही, मेंदू पितो.” तेव्हापासून दोन गोष्टी तुम्हाला छळतायत. त्याच्यावर रागावण्यात काही अर्थ आहे का? आणि तुम्ही पहाटे उठून पुस्तक उघडता, त्यात तरी तुमचं स्वतःचं काही आहे का?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. लातूरला २२ वर्षं दवाखाना चालवतोय आणि माझ्या ओपीडीत दारूचे रुग्ण निम्म्याला निम्मे असतात. तत्त्वज्ञान मी शिकलेलो नाही. पण हा प्रश्न माझ्या समोरच्या खुर्चीत रोज येऊन बसतो, फक्त त्याची भाषा वेगळी असते. “डॉक्टर, मी नाही जात, पाय आपोआप तिकडं वळायलेत.”

जगातली प्रत्येक गोष्ट आधीच्या कारणांनी बांधलेली आहे का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. तो कोणत्याही यंत्रात दिसत नाही. अणूंच्या पातळीवर योगायोगाला जागा आहे असं म्हणून काहीजण सुटका करून घेतात, पण फासा टाकून निघालेला निर्णय ‘माझा’ कसा होतो, ते मला आजवर कुणी समजावलेलं नाही. तुम्हाला अडलंय ते याहून जवळचं आहे. मेंदू असा चालतो हे कळल्यावर माणसाला जबाबदार धरायचं की नाही, आणि धरायचं तर कितपत?

आधी त्या प्रयोगाविषयी, कारण व्हिडिओत तो अर्धाच सांगितलेला दिसतो. हालचालीच्या आधी मेंदूत विजेची एक हळूहळू चढण दिसते, हे १९६५ साली कोर्नह्यूबर आणि डेके या जर्मन संशोधकांनी दाखवलं. तिला रेडिनेस पोटेन्शियल म्हणतात. १९८३ मध्ये अमेरिकेत बेंजामिन लिबेट यांनी लोकांना घड्याळासारख्या तबकडीवर फिरणारा ठिपका दाखवला आणि सांगितलं, मनाला वाटेल तेव्हा मनगट हलवा, फक्त हलवावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठं होता ते सांगा. निघालं असं, की हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी चढण सुरू होते आणि ‘हलवावंसं वाटलं’ हे साधारण ०.२ सेकंद आधी जाणवतं. म्हणजे इच्छेची जाणीव मागून येते. २००८ मध्ये जॉन-डिलन हेन्स यांच्या गटानं एमआरआय वापरून डावं बटण की उजवं, याचा अंदाज काही सेकंद आधी बांधून दाखवला. बातम्या झाल्या: मेंदू सात सेकंद आधी ठरवतो!

त्या अंदाजाची अचूकता होती साधारण ६० टक्के. डोळे मिटून सांगितलं तरी ५० टक्के येतात. तुमच्या वहिनी याहून चांगलं भाकीत करत असतील: आज आठवडी बाजार, आज पैसे हातात आले, आज हा उशिरा येणार. त्यांना एमआरआय लागत नाही. एखाद्याचं वागणं आधी ओळखता येतं एवढ्यावरून तो बांधलेला ठरत नाही. माझी आई उद्या पहाटे पाचला उठणार हे मी आज लिहून देतो.

दुसरं म्हणजे ती चढण खरोखर ‘निर्णय’ आहे का? आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वेगळा अर्थ लावला. मेंदूत हालचालीचं विजेचं पाणी सतत कमीजास्त होत असतं. सांगणारं कुणी नसेल, कारणही काही नसेल, तर ज्या घटकेला ते पाणी बंधाऱ्याच्या काठावरून सांडतं त्या घटकेला हात हलतो. आता दरवेळी सांडल्याच्या क्षणापासून मागं मोजत गेलात आणि अशा अनेक वेळांची सरासरी काढलीत, तर चढच दिसणार. ज्या वेळी पाणी वर येऊन पुन्हा खाली गेलं त्या वेळा तुमच्या हिशोबात आल्याच नाहीत. हा अर्थ सगळ्यांना मान्य आहे असं नाही. पण ‘मेंदूनं आधीच ठरवलं’ हे वाक्य १९८३ इतकं सोपं आता राहिलेलं नाही, एवढं नक्की.

आणि मनगट हलवणं हा निर्णय तरी कसला? आत्ता हलवा की मग, फरक काय पडतो? २०१९ मध्ये उरी माओझ आणि सहकाऱ्यांनी लोकांपुढं खऱ्या पैशाचा प्रश्न ठेवला: या दोन संस्थांपैकी कोणाला देणगी द्यायची? जिथं निवडीनं काहीच फरक पडत नव्हता तिथं ती चढण दिसली. जिथं विचार करून निवडायचं होतं तिथं ती जवळपास दिसलीच नाही. म्हणजे ज्या प्रयोगावरून लग्न, नोकरी, दारू यांचे निकाल लावले गेले, तो बोट हलवण्याचा प्रयोग होता.

आता समजा, उद्या कुणी दाखवलं की देणगीचा निर्णयही मेंदूत आधी घडतो आणि मग जाणवतो. तरी मी फारसा हादरणार नाही. दुपारची भाकरी मी पचवली की माझ्या जठरानं? असा वाद आपण घालत नाही. ‘मेंदूनं ठरवलं, मी नाही’ असं म्हणताना मेंदूच्या बाहेर एक ‘मी’ खुर्ची टाकून बसलाय, असं आपण नकळत धरून चालतो. माझं शिक्षण, आईचा धाक, गेल्या वर्षी खाल्लेली ठोकर, बायकोला दिलेला शब्द, हे सगळं जिथं साठलंय तो मेंदूच. त्यानं ठरवलं म्हणजे मीच ठरवलं, जर ठरवताना हे सगळं त्याच्या हाताशी असेल तर. सारी गोम या ‘जर’मध्ये आहे.

एक रुग्ण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. उदगीरकडचे शेतकरी, साठी ओलांडलेले, कंपवाताचे. आयुष्यात कधी पत्त्यांना हात न लावलेला माणूस. कंपवातासाठी प्रॅमिपेक्सोल नावाची गोळी सुरू झाली, हात थरथरायचा थांबला, आणि काही महिन्यांनी गृहस्थ रोज तिर्रटच्या डावावर बसू लागले. मुलांना वाटलं, म्हातारपणी बुद्धी फिरली. बैलजोडी विकली तेव्हा त्यांना माझ्याकडे आणलं. ही गोळी मेंदूतल्या डोपामाइनच्या (सुखाची ओढ लावणारं एक रसायन) जागांवर काम करते आणि काही रुग्णांमध्ये जुगार, खरेदी, खाणं, कामेच्छा यांवरचा लगाम सैल करते. हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून डोस हळूहळू उतरवला (एकदम बंद करू नये, तेही घातक) आणि पत्ते सुटले, जसे आले तसेच.

यात त्यांची इच्छा होती का? खेळताना ते स्वतःच्या पायानं जात, पैसे स्वतः मोजत, खोटंही व्यवस्थित बोलत. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ‘स्वखुशीनं’. आतमध्ये मात्र तोलणारं पारडंच एका बाजूला बांधलेलं. मी मुलांना समजावलं की दोष त्यांचा नाही. म्हातारे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “गोळीनं खेळवलं असंल डॉक्टर, पण उसनवारी तर माझ्याच नावावर हाय की.” आणि ती त्यांनी फेडली, दोन हंगामांत. दोष नसतानाही उत्तरदायी राहता येतं, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकानं इतकं स्वच्छ शिकवलं नव्हतं.

तेव्हा इच्छास्वातंत्र्य हे आहे किंवा नाही अशा बटणासारखं मला वाटत नाही. ते चालण्याच्या ताकदीसारखं आहे. धडधाकट माणसाला जास्त, तापात कमी, पाय मोडल्यावर जवळजवळ नाही, आणि कुबडी घेतली की पुन्हा थोडं. कायदाही साधारण असाच विचार करतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (पूर्वीच्या दंडविधानातलं ८४) सांगतं, की मनोविकृतीमुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा नाही. पुढच्याच कलमात नशेचा विषय आहे, आणि तिथं माफी फक्त त्याला, ज्याला नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध पाजलेलं होतं. स्वतः प्यायलेल्याला नाही. का नाही? कारण पहिला घोट घेण्याच्या वेळी तो कुठं होता, हे कायदा विचारतो.

मीही तेच विचारतो, फक्त आणखी मागं जाऊन. दारूच्या आजारात काय बिघडतं ते थोडक्यात सांगतो. डोपामाइनच्या पेशी सुरुवातीला सुख मिळाल्यावर चेततात; सवय झाली की सुखाच्या चाहुलीलाच चेतू लागतात. वोल्फ्राम शुल्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं: आधी फळांच्या रसाला, पुढं रस येणार हे सांगणाऱ्या दिव्याला. तुमच्या भावाचा दिवा म्हणजे सहा वाजलेले, ठरावीक चौक, एक ठरावीक मित्र. तिथं पोचल्यावर कपाळामागचा जो भाग ‘थांब’ म्हणतो त्याचा आवाज क्षीण असतो, आणि वर्षानुवर्षं पिऊन तो आणखी क्षीण झालेला असतो. त्यामुळे “गुत्त्याच्या दारात उभा असताना तू नाही का म्हटलं नाहीस?” हा प्रश्न मी सोडून दिलाय. त्या क्षणी त्याच्याजवळ स्वातंत्र्य चिमूटभरच असतं.

पण सकाळी आठ वाजता? तेव्हा बरंच असतं. माझा सगळा धंदा या सकाळच्या आठवर चाललाय.

एका गॅरेजमधला मिस्त्री, तोच तो ‘पाय वळायलेत’ म्हणणारा. शनिवारी संध्याकाळी सहाला हप्त्याचे पैसे हातात, गॅरेजपासून दुकान दोनशे पावलांवर. त्याला मी इच्छाशक्तीवर एक शब्द बोललो नाही. मालकाला भेटायला लावलं: पैसे रविवारी सकाळी द्या, बायकोच्या समोर. घरी जायचा रस्ता बदलला, पाच मिनिटं लांबचा. सहा वाजता पोटात काहीतरी जाईल असं बघितलं. आणि त्याच्या संमतीनं डायसल्फिरामची गोळी सुरू केली. ही गोळी सकाळी घ्यायची. त्यानंतर दारू प्यायली तर तोंड लाल, उलट्या, छातीत धडधड, कधी जिवावरही बेततं. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. मला ती फार आवडते ती याच कारणासाठी: सकाळचा शहाणा माणूस संध्याकाळच्या माणसाचे हात बांधून ठेवतो. मिस्त्री दोनदा घसरला. तिसऱ्या खेपेला तीन वर्षं झाली, अजून टिकून आहे. पुढचं मी सांगत नाही.

इथं एक कळकळीचं सांगणं आहे. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा पुड्यांच्या जाहिराती आपल्याकडे भिंतीभिंतींवर असतात आणि बायका बिचाऱ्या भाजीत मिसळतात. कृपा करून हे करू नका. त्यात बहुतेक वेळा काय असतं ते सांगता येत नाही. डायसल्फिराम असेल तर नकळत दिलेला माणूस प्यायल्यावर दगावू शकतो. आणि जी गोष्ट आपल्याला त्याच्यात जागी करायची आहे, तिलाच आपण बाजूला सारतो. तसंच रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. हे दवाखान्यातच करायचं.

शिकत असताना मी वारकऱ्यांच्या माळेला हसायचो. दारू सोडायला तुळशीचे मणी काय करणार! आता प्रत्येक रुग्णाला विचारतो, “घरात माळकरी कोण आहे?” माळ घातलेल्या माणसाला लग्नात, जत्रेत कुणी ‘घे रे थोडी’ म्हणत नाही. रोज संध्याकाळी घ्यायचा निर्णय त्यानं पंढरपुरात एकदाच घेतलेला असतो आणि तो टिकवायला सगळं गाव राखण करतं. माळ जबरदस्तीनं घातली तर मात्र ती खुंटीला लटकते, हेही पाहिलंय.

परिस्थितीवर किती अवलंबून असतं, याचं एक परकं उदाहरण आणि एक घरचं. व्हिएतनामच्या युद्धात बऱ्याच अमेरिकन सैनिकांना हेरॉइनचं व्यसन जडलं होतं. ली रॉबिन्स यांनी त्यांचा पाठपुरावा केला, तर मायदेशी परतल्यावर त्या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले जेमतेम ५ टक्के निघाले. मेंदू तोच, पण दिवे वेगळे. आता घरचं. तुमच्या बीडकडून कारखान्यावर जाणारी कोयत्याची माणसं माझ्याकडे येतात. उचल घेतलेली, सहा महिने खोपीत, पहाटे तीनला थंडीत फडावर. तिथं रोज पिणारा गडी गावी आल्यावर आठवडेच्या आठवडे शिवत नाही, असं कितीतरी वेळा पाहिलंय. उचलीच्या कागदावर अंगठा त्यानंच दिलेला असतो, पण घरात दाणा नसताना दिलेल्या अंगठ्याला मी किती ‘स्वेच्छा’ म्हणू? तुमचा भाऊ ऊसतोडीला जातो की शेती करतो, कर्ज किती, झोप किती, सोबत उदासीनतेचा आजार आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझं अर्धं उत्तर त्यावर ठरतं.

आपल्या कीर्तनांत संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तीन शब्द येतात. एका म्हाताऱ्या माळकरी रुग्णानं ते मला माझ्याच विषयासाठी वापरून दाखवले. आधीचा सगळा साठा ते संचित, त्यातलं या जन्मी वाट्याला आलेलं ते प्रारब्ध, आत्ता करतोय ते क्रियमाण. जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा दिसतो. हे प्रारब्ध समजा. तुमच्या भावानं ते मागून घेतलेलं नाही. आणि जरा कटू आहे, पण सांगतो: सख्खे भाऊ आहात, तेव्हा त्यातलं काही तुमच्याकडेही असण्याची शक्यता आहे. तुम्ही पीत नाही यात तुमच्या निश्चयाचा भाग असेलच, पण कुणीतरी तुम्हाला वेळेवर शहरात शिकायला पाठवलं याचाही आहे. ते पैसे कुणी दिले होते, हे एकदा आठवून बघा.

म्हणजे रागावू नका का? रागवा ना, राग येणारच. पण ‘तू असाच नालायक’ हा राग आणि ‘याचं तू काय करणार आहेस?’ हा राग यांत फरक आहे. पहिल्यावर तो व्हिडिओ चांगलं उत्तर आहे आणि भावानं ते तुमच्या तोंडावर फेकलं. दुसऱ्यावर त्या व्हिडिओत उत्तर नाही. ‘मेंदू पितो’ म्हणतो ना, ठीक आहे, मग मेंदूला घेऊन दवाखान्यात ये. साखर वाढली तर स्वादुपिंडाकडे बोट दाखवून कुणी जिलेबी खात बसत नाही. (म्हणजे खातात काहीजण, पण ते असो.) आजार आहे म्हटल्यानं उपचार घ्यायची जबाबदारी कमी होत नाही, उलट तिथूनच सुरू होते.

तुमच्या पहाटेच्या अभ्यासाचंही वेगळं काही नाही. गजर वाजल्यावर उठायचं की नाही, या झगड्यात तुम्ही अनेकदा हरत असाल. तो मोबाइल रात्री कुठं ठेवायचा, कोणत्या मित्राबरोबर खोली घ्यायची, अभ्यासिकेचे पैसे आगाऊ भरायचे का, हे ज्या तुम्ही ठरवलंत, ते तुम्हीच. मेंदूनंच ठरवलं म्हणा हवं तर. मला चालेल.

भावाशी बोलायचं असेल तर रात्री बोलू नका, प्यायलेल्या माणसाशी बोललेलं वाऱ्यावर जातं. सकाळी चहा होऊन गेल्यावर, वहिनी आणि आई समोर असताना, दहा मिनिटं. तेव्हा व्हिडिओ पुन्हा दाखवायचा झाला तर त्यात गाळलेला भागही सांगा. लिबेट यांनी स्वतःच म्हटलं होतं, की इच्छा जाणवल्यानंतर हात हलेपर्यंत ‘नको’ म्हणायला थोडी फट उरते. पुढं २०१६ मध्ये बर्लिनच्या एका गटानं दाखवलं, की हालचाल सुरू होण्याच्या सुमारे ०.२ सेकंद आधीपर्यंत माणूस तिला रोखू शकतो. तेवढी फट भावाला संध्याकाळी पुरणार नाही हे त्याला मोकळेपणानं सांगा, आणि मग विचारा, सकाळच्या गोळीचं काय करायचं?